करंड्याच्या तळाविषयी

राजारामपुरी, कोल्हापूर

साडूबंधू अमरसिंहराव यांस विजयसिंहाचा सविनय नमस्कार.

तुमचा गुडघा, ताईंचा खोकला आणि आजऱ्यातला तुमचा काजूचा धंदा तिन्ही सुखरूप असोत (धंद्याला काही झालेले नाही, पण दोन दुखण्यांच्या पंगतीत तो एकटा सुटू नये म्हणून लिहिले). फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

चि. संयोगिताच्या रुखवतासाठी तुमच्या परड्यातल्या फणसाच्या लाकडाचा कुंकवाचा करंडा लेथवर कातून देईन, असे मी कबूल केले. लग्न पंधरा दिवसांवर आले. ‘काकांनी केलेला’ अशी चिठ्ठीसुद्धा पोरीने लिहून ठेवली आहे, हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. करंडा झाला असे परवा मी फोनवर म्हणालो, ते म्हणताना खरे होते.

करंडा बाहेरून घडवणे सोपे. आतून पोकळ करणे हाच खरा वेदान्त. दुकानदाराने ड्रिलचे तीन बिट पुढे ठेवले: पिळाचा, भिंतीचा आणि चपटा. अठ्ठावीस वर्षे संस्कृत शिकवल्याने मला कोणाला विचारण्याची सवय नाही. चपटा दिसायला बरा वाटला, फावड्यासारखे पाते आणि मधोमध टोक. दोन दिवसांत तो बोथट झाला आणि लाकूड कापण्याऐवजी भाजू लागला. मग कानस घेऊन मी धार लावायला बसलो. टोक म्हणजेच धार, असा माझा तर्क. तीन संध्याकाळी फक्त टोक घासले. ‘सूच्यग्र’ हा शब्द आयुष्यभर शिकवला, पण हातात आला तो प्रथमच. धूर मात्र तेवढाच निघत राहिला.

शेवटी कसबा बावड्याच्या आकारामकडे गेलो. तो लाटणी आणि पाळण्याचे खांब कातून देतो. त्याने बिट उजेडात धरला.

“सर, ही काय गोधडीची सुई हाय व्हय? कापत्यात त्या ह्या दोन कडा. टोक नुस्तं मधी धरायला असतंय की!”

त्याने दोन्ही कडांना धार लावून दिली आणि टोकाकडे पाहून उसासा टाकला. त्या उसाशाचा अर्थ मी विचारला नाही (सवय वर सांगितलीच आहे).

घरी बिट लोण्यात जावा तसा गेला. खोली मी कडांपासून मोजली. टोक कडांच्या अर्धा इंच पुढे चालते, हे करंड्याच्या तळाला कळले, मला नाही. क्रांतीने कौतुकाने करंड्यात कुंकू भरले आणि खालच्या मीनाबाईंना दाखवायला नेला. मीनाबाईंनी करंड्याआधी जिन्यावरची लाल रेघ पाहिली आणि आज कसली पूजा, म्हणून विचारले. क्रांतीने करंडा उलटा केला.

“ह्यो करंडा न्हवं, चाळण हाय. माझ्या बहिणीच्या लेकीला ह्यो द्यायचा?”

तिचा स्वभाव तुम्ही जाणताच (तिची बहीण तुमच्याकडे आहे). भोक तिळाएवढे आहे. ते जरा मोठे करून त्याच लाकडाची खुंटी ठोकली की काम संपले. ती आत्ताच ठोकतो आणि पत्र पेटीत टाकतो. काळजी नसावी. चि. संयोगितास आशीर्वाद.

आपला,
विजयसिंह

ता. क. खुंटी उत्तम बसली. तळ दुभंगला.

आणखी ता. क. तुम्ही दिलेला फणसाचा ओंडका संपला (याआधीचे दोन करंडे मी पत्रात घेतले नाहीत). तुमच्या देवघरातल्या चौरंगाचे पाय त्याच झाडाचे आहेत, असे क्रांतीकडून कळते. त्यातला एक पाय पत्र मिळताच पहिल्या एसटीने पाठवावा. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला चौरंगाऐवजी पाट चालतो, याला शास्त्राधार मी शोधून ठेवला आहे. तीन पायांवर चौरंग नाहीतरी डगमगेल, तेव्हा चारही पाठवलेत तर बरे.