‘वाळवण’ कसं बंद पडलं

रविवार, २ फेब्रुवारी

संपलं. असं कुणी म्हणालं नाही, पण संपलं.

टॅला भागात सलीलच्या घरी आमच्या ‘वाळवण’ बँडची प्रॅक्टिस होती. मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ब्लँचर्डस्टाउनहून कीबोर्ड घेऊन एवढ्या लांब गेले, तर एकाचंही वाद्य बाहेर काढलेलं नाही. पोहे मात्र तयार! सलील म्हणाला, "भार्गवी, थोडा ब्रेक घेऊ या का? तीन-चार महिने?" गाणी लिहिणारा तोच. तोच असं म्हणाल्यावर बँडमध्ये उरतं काय? उर्मिला, आमची गायिका, खिडकीबाहेर बघत बसली. चंद्रहास ढोलकीच्या पिशवीची चेन उघडबंद करत म्हणाला, "सगळेच दमलोय गं."

दुसरा अल्बम अर्धा झालाय, त्याचं काय? तर म्हणे, "बघू या." आमचं हे मराठी बघू या! सरळ नाही म्हणायला एकाची जीभ रेटत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

अल्बम काढायला आमचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल कुणी सुरू केलं? मी. दिवसभर कंपनीत स्टेंटच्या मशीनपाशी उभं राहायचं, घरी आल्यावर हॉलवाल्यांना मेल करायचे. पहिला अल्बम माझ्याच बॉक्सरूममध्ये, त्या इवल्याशा खोलीत, आवाज घुमू नये म्हणून रजया टांगून रेकॉर्ड केला. उकडून जीव गेला होता. तेव्हा नाही कुणी दमलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

छोटे बँड का मोडतात ते आता मला नीट कळलंय. एकाचं बाळ, एकाची ऑन-कॉल ड्युटी, एकीच्या सासूबाई सहा महिने राहायला. टाळ्या सगळ्यांना हव्यात. केबल गुंडाळायला भार्गवी.

संकेत म्हणतो, "तू जरा कडक वागतेस त्यांच्याशी." नवरा माझा, आणि बाजू त्यांची! उर्मिलाचा सूर ढळला, तर सांगायचं नाही? सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून रडली. सलीलच्या गाण्याचं तिसरं कडवं मी काढून टाकलं, गाणं सुटसुटीत झालं. त्याने उपकार मानायला हवे होते. दोन दिवस तोंड पाडून बसला.

मी नसते तर हे लोक अजून दिवाणखान्यात भेंड्या खेळत असते.

रविवार, १६ मार्च

ग्रुपवर लिहिलं, "मग कधी भेटायचं?" सगळ्यांनी वाचलं. उर्मिलाने अंगठा पाठवला. कधी विचारलं तर अंगठा!

गुरुवार, ८ मे

वॉटरफोर्डच्या फेस्टिव्हलचा आमचा कार्यक्रम आज रद्द केला. वर्षभर त्या आयोजक बाईंच्या मागे लागून मिळवला होता. मला वाटलं चिडतील. तर "आ, यू आर ग्रँड, नो बॉदर" म्हणाल्या, म्हणजे काही बिघडत नाही. ठेवला फोन.

गाडीत बसून रडले. आयर्लंडमध्ये आपली मराठी गाणी, आपण लिहिलेली, अनोळखी माणसांपुढे उभं राहून वाजवायची — एवढंच हवं होतं मला. नोकरी काय, सगळेच करतात.

रविवार, २४ ऑगस्ट

शॉपिंग सेंटरमध्ये चंद्रहास भेटला. मुलाच्या शाळेचे बूट घ्यायला आला होता. विचारलं, "वाजवतोस की नाही काही?"

"छे गं, वेळच कुठे मिळतो!"

बोटांना टेप गुंडाळलेली, ढोलकी वाजवताना गुंडाळायचा तशी. बागेत काम काढलंय म्हणाला. चांगला ढोलकी वाजवणारा माणूस, आता गवत उपटतोय. वाईट वाटलं. माझा राग जरा उतरला सुद्धा. घरी या सगळे, म्हटलं. "हो हो, बघू या," म्हणाला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कीबोर्ड पलंगाखाली सरकवला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाच्या संध्याताईंचा फोन. "अगं, दिवाळीच्या कार्यक्रमाला ‘वाळवण’ला माईक किती लावायचे? सलील म्हणाला, नवा अल्बम पूर्ण झालाय, तोच वाजवणार. दरवेळी तूच सांगतेस, म्हणून तुलाच केला फोन."

 

मी सांगितलं — तीन. उर्मिलाचा जरा वर ठेवा, तिचा आवाज नाजूक आहे. कीबोर्डचं टेबल मांडू नका.