हर्षदा कुणाच्या बाजूची

हॉस्टेल, ३ सप्टेंबर

ति. जयश्रीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. एवढं नावाजलेलं विधी विद्यापीठ आहे तरी कसं, असं तू विचारलंस. ताई, मलाच अजून कळलेलं नाही. ग्रंथालय जव्हारच्या एसटी डेपोपेक्षा मोठं. सर शिकवत नाहीत, प्रश्न विचारतात. उत्तर दिलं की त्यावर दुसरा प्रश्न. बरोबर काय, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. पाच वर्षांनी इथली मुलं मोठ्या कंपन्यांत जातात. कोर्टात कोणाला उभं राहायचंय, असं विचारलं तेव्हा फारच थोडे हात वर झाले.

सगळ्यात गोंधळ अभिरूप न्यायालयाचा. खटला खोटा, गाव खोटं, पण न्यायाधीश म्हणून बसणारे वकील खरे. बाजू चिठ्ठी काढून ठरते. मला सरकारची आली. धरणासाठी आदिवासी पाडा उठवणं कसं योग्य, ते मी सांगायचं. बाजू बदलून मागितली तर मॅडम नाही म्हणाल्या. दिवाळीला घरी आले की परत यायचंच नाही, असं मनात येतं. आपल्या बाला यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या मायेची,
हर्षदा

जव्हार, ११ सप्टेंबर

चि. हर्षदास अनेक आशीर्वाद.

तुझा लिफाफा बघून आश्रमशाळेतल्या बाईंना वाटलं माझ्या बदलीची ऑर्डर आली. रविवारी जीपने मोखाड्याला आणि तिथून आपल्या पाड्यावर गेले. तू नको म्हणालीस, तरी धरणाचं बाला सांगून बसले. तो नागलीतलं तण बेणत होता, तसाच थांबला. पोरगी कुणाच्या बाजूची, एवढंच विचारलं त्याने. खोटं खोटं असतं म्हटलं, तर म्हणाला, मग एवढ्या लांब कशाला पाठवली.

त्याचंही बरोबर आहे गं. गेल्या आठवड्यात काही माणसं येऊन आपल्या वरच्या शेतापासून ओहोळापर्यंत चुन्याच्या खुणा करून गेली. कोणी म्हणतं बंधारा, फागीकाकी म्हणते रस्ता, मुकेश म्हणतो मोबाइलचा टॉवर. पाड्याची संमती म्हणून घरोघर अंगठे मागतायत. काहींनी दिलेसुद्धा. तू वकील झालीस असंच सगळे धरून चाललेत. अजून पहिलं वर्ष आहे म्हटलं, तरी तुलाच विचारायला सांगितलंय. शिक्षण सोडून आलीस तरी घर तुझंच आहे. पण आधी अंगठे द्यायचे की नाही, एवढं कळव.

तुझी,
ताई

हॉस्टेल, १९ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न.

काल अभिरूप न्यायालयात माझा नंबर लागला. उभी राहिले सरकारच्या बाजूने. तयारी करताना एकाच गोष्टीवर पांघरूण घालावं लागत होतं, ग्रामसभेवर. न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं, सभा घेतली होती का आणि लोकांना समजेल असं सांगितलं होतं का. हरले. हरल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. हे काय होतंय मला, कळत नाही.

मॅडमना विचारून मगच लिहिते. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन घ्यायची तर आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. घरोघर घेतलेले अंगठे म्हणजे सभा नव्हे. भांडू नका, सभा मागा. कशासाठी जमीन हवी, ते तिथे सगळ्यांसमोर विचारा. माझं काही चुकत तर नाही ना, याची धास्ती आहे. लवकर कळव.

हर्षदा

जव्हार, ६ ऑक्टोबर

चि. हर्षदास आशीर्वाद.

सभा झाली, शाळेच्या पडवीत. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला आणि खूप बोलले. बंधाराच आहे. पाणी कुठे जाणार, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. शेवटी हात वर करा म्हणाले. तेव्हा आपली आई उठली. ती सभेत कधी बोललेली तुला तरी आठवतं का? म्हणाली, "साहेब, आम्ही हो म्हणत नाही न नाही पण म्हणत नाही. काय विचारता, ते आधी आमच्या बोलीत सांगा."

साहेबांना बोली येत नव्हती. समजावून सांगणारा माणूस घेऊन पुन्हा येतो म्हणाले आणि सभा पुढे ढकलली. आपण जिंकलो की नुसतंच लांबलं, कोणालाच कळलेलं नाही. फागीकाकी अजून रस्ताच धरून बसलीय.

बा मला जीपपर्यंत सोडायला आला. जीप सुटताना म्हणाला, "पुढच्या खेपेला साहेब काय म्हणतील, तेवढं हर्षदाला विचारून ठेव. तिला त्यांच्या बाजूने बोलता येतं ना."

दिवाळीला ये, आणि मग परत जा. आमची माया आहेच, तुझीही असू दे.

तुझी,
ताई