मापापुरती बाई

२ जून
पोचले एकदाची! यतीनने हर्नडनच्या आमच्या घरून दीड तास ड्राइव्ह करून सोडलं आणि ऑफिसच्या कॉलसाठी लगेच पळाला. नवरा असावा तर असा. घर मात्र बघत राहावं असं. साडेचारशे वर्षांचं इंग्रजी घर, शंभर वर्षांपूर्वी तुळईन् तुळई सुटी करून जहाजाने व्हर्जिनियात आणलेलं. वरचा मजला अंगणावर झुकलाय, शिशाच्या पट्ट्यांत काचेचे इवलेसे तुकडे बसवलेत. आता ते वारसा यादीत आहे आणि महिनाभर इथेच राहून मला त्याचे नवे नकाशे काढायचेत. केअरटेकर मार्थाबाईंनी बजावलं की घर नकाशाप्रमाणेच राहतं, काही हलवू नका. आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची बहीणच!

४ जून
हॉलमधली खुर्ची वर नेली. चहा घेऊन आले तर ती परत हॉलमध्ये. मार्थाबाई आज रजेवर. जुना नकाशा पाहिला, त्यात खुर्ची हॉलमध्येच. तीनदा नेली, तीनदा परत. हसले खरी, पण चौथ्यांदा नेली नाही.

६ जून
जिन्याचा उभा नकाशा झाला. उंचीचा अंदाज यावा म्हणून आम्ही आर्किटेक्ट त्यात एक माणूस काढतो. मी सातव्या पायरीवर माझ्याच मापाची बाई काढली, पाच फूट एक इंच, हातात वही-पेन. घरात नेटवर्क नाही, म्हणून अंगणात जाऊन वारसा कमिटीच्या साइटवर चढवला; त्यांनी दुपारीच मंजूर केला. शाबास, गिरिजा!

७ जून
सातवी पायरी. दारापर्यंत जाते आणि — पुन्हा इथेच. आठ वेळा. आता पाय उचलतच नाहीत.

८ जून
मार्थाबाईंनी कमिटीला फोन केला. मंजूर नकाशा बदलायला बैठक लागते. ती सप्टेंबरमध्ये. त्यांनी पाणी दिलं, पण ग्लास हातात राहत नाही. फोनही नाही. फक्त वही-पेन. फार भीती वाटतेय.

९ जून
यतीन आला. ओढून पाहिलं, रडला. मग म्हणाला, "कमिटी गेली उडत यार, साइटवर तुझ्या लॉगिनने नकाशातल्या त्या बाईला डिलीट करतो. सिंपल!" मीही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नेटवर्कसाठी लॅपटॉप घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसलाय.

पावलं गेली. दुखत नाही. खाली नुसती पायरी —

बाई मी एकेक रेघ जोडून काढली होती. तो एकेक रेघ पुसतोय. हाका मारतेय, गाडीच्या काचा बंद —

कंबर —

आवाज गेला. यतीन, मी सुटत नाहीये, मी —

हात तेवढा रा