लवंगांची बशी

दि. ३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या छापखान्याचे साहेब काल माझ्या दवाखान्यात आले. नावावरून ओळखलं. नातीच्या लग्नातल्या फोटोंसाठी दात पांढरे करून हवेत म्हणाले. तोंड उघडलं तर हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त, खालचे पुढचे दात हलताहेत. तुला झाला होता तोच आजार. दुखत नाही म्हणून त्यांना पत्ताच नाही. आत्ता सांगितलं तर दात वाचतील. सांगायला गेले आणि तुझी लवंगांची बशी आठवली. गुरुवारी या म्हटलं. काय करू?

कवळी अजून टोचते का? माया आहे तशीच असू दे.
तुझी भाची, खारूताई

दि. ६ जून

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

विचारतेस काय? मागतोय ते दे. दात पांढरेशुभ्र कर आणि वाटेला लाव.

छापखान्यात आम्ही बायका दोघी-दोघी मुद्रितं तपासायला समोरासमोर बसायचो. एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसरीने छापलेलं तपासायचं. माझ्या तोंडाला वास येतो म्हणून हा साहेब रोज सकाळी सगळ्यांदेखत माझ्यापुढे लवंगांची बशी ठेवायचा आणि हसायचा. मग बाकीचेही हसायचे. शेवटी माझ्यासमोर बसायला कुणी तयार होईना, तेव्हा मला गोदामात गठ्ठे बांधायला धाडलं. मीही बावळट, लवंगा चघळत राहिले, डॉक्टरकडे गेले नाही. दात एकेक करून गेले. करावे तसे भरावे. त्याचेही जाऊ देत. तू चकार शब्द काढायचा नाहीस, तुला माझी शपथ आहे.

कवळी टोचते. म्हणून तिला त्याचंच नाव ठेवलंय. तुझ्यावर जीव आहेच, या खेपेला ऐकलंस तर वाढेल.
तुझी आत्या

दि. ११ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शपथ मोडली. गप्प बसले असते तर हे काम पुन्हा करवलं नसतं. मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, आरसा हातात दिल्यावर हसू गेलं. मग हळूच विचारलं, तोंडाला वास येतो का, नात हल्ली जवळ बसत नाही. मी येतो म्हटलं, आणि आत्या, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पण तुझं नाव काढलं, लवंगांचंही, तर म्हणाले असं कुणी आठवत नाही. खोटं बोलत नव्हते. येत्या गुरुवारपासून हिरड्यांखालची सफाई सुरू. हा आजार आटोक्यात राहतो, पुरता जात नाही. दर तीन महिन्यांनी त्यांना जन्मभर यावं लागेल.

रागावलीस तरी दोन ओळी धाड.
खारूताई

दि. १४ जून

चि. खारूताईस आशीर्वाद, तेही अर्धेच.

शपथेचं नंतर बघू. पण आठवत नाही? माझं सगळं वाचन सुटलं आणि याला आठवत नाही? तुझं पत्र वाचून कवळी काढून टेबलावर आपटली.

आता नीट ऐक. त्याचा एकही दात पडू देऊ नकोस. मला तो पुष्कळ वर्षं हवाय. गुरुवारी मी येतेय, बशी घेऊन. हिरड्यांची निगा कशी राखायची तो कागद तू सगळ्यांना देतेस ना, तो मी त्याला मोठ्याने वाचून दाखवणार, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दर तीन महिन्यांनी. तोंडात तुझी हत्यारं असतील, म्हणजे त्याला मध्ये बोलता येणार नाही.

लोभ तू सांभाळ, राग मी सांभाळते. आणि माझी खुर्ची त्याच्या अगदी समोर ठेव.
तुझी आत्या