आरतीच्या खोलीची किल्ली

प्रिय कल्याण,

मी फोनवर बोलायला लागले की तुझी मिटिंग सुरू होते, म्हणून लिहितेय. पत्र मध्येच कट करता येत नाही. नीट बसून वाच.

तुझ्या बहिणीच्या, रुपालीच्या बाळंतपणाला मी दीड महिना बेलापूरला काय गेले, तेवढ्यात तू मिरजगावात येऊन प्रताप करून गेलास! परवा घरी आले, तर आरतीच्या खोलीच्या दारात परक्या माणसांचे बूट. म्हटलं चोर शिरले. ते बिचारे रस्त्याच्या कामावरचे दोन इंजिनिअर निघाले. उठून नमस्कार केला नि म्हणाले, कल्याणसाहेबांनी खोली दिली, अकरा महिन्यांचा करार झालाय. साहेब म्हणे! लाजेनं माझी मान खाली गेली.

अरे, आरती आणि बिभीषण नऊ वर्षं आपल्याकडं राहतात. दसरा झाला की ऊस तोडायला जातात, गुढीपाडव्यानंतर परत येतात. जाताना आरती किल्ली माझ्या हातात देते. तेवढे महिने अर्धं भाडं, पण खोली त्यांचीच. हे कुठं लिहिलेलं नसलं तरी पहिल्या वर्षापासून असंच चालत आलंय. तीच किल्ली तू माझ्या कपाटातून काढलीस. कुलूप तोडलं असतंस तर निदान चोरी केलीस एवढंच म्हणता आलं असतं. विश्वासानं दिलेल्या किल्लीनं दार उघडणाऱ्याला काय म्हणायचं, ते तूच सांग.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. पुण्यातल्या त्या गुंतवणुकीच्या शिबिरात शिकून आलास ना, की बंद खोली म्हणजे नुकसान, आणि भाडेकरूला माया लावू नये. अठरा वर्षं एकटी सहा खोल्या सांभाळतेय मी, मला शिकवतोस? प्रत्येक खोलीला वेगळा मीटर घे, भाडेकरूची पोलिसांत नोंद कर, करारावर सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नको, पावसाळ्याआधी स्लॅब बघून घे, हे तुला कुणी सांगितलं? वाकडचा फ्लॅट भाड्यानं देताना दहा वेळा फोन कुणाला केलेस? मी काही गरीब गाय नाही. दारू पिऊन बायकोला बडवणाऱ्या त्या कंपाउंडरला मीच सगळ्या आळीदेखत झापून घालवला होता. पण भाडेकरूनं सांगितल्याशिवाय त्याच्या माघारी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे मी कधी मोडलं नाही. भिंती आपल्या असल्या तरी आतला संसार त्यांचा असतो, बाबा.

आणि तो संसार कुठं फेकलास? कडब्याच्या शेडमध्ये! भांडी एका पोत्यात, अंथरुणं एका पोत्यात आणि त्यांच्या देवांचे टाक खताच्या रिकाम्या गोणीत. हात कसा धजला रे तुझा? त्यांच्या निकिताचा शाळेचा दाखला उंदरांनी कोपऱ्यातून कुरतडलाय. ती पोर नववीत आहे, आईबापाबरोबर फडावर जाऊनही अभ्यास करते. रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत त्या माणसांचा सगळीकडं पत्ता एकच, आपली खोली. तोच तू पुसून टाकलास आणि वर काल मला मेसेज केलास, खोली लागली, खूश ना? डोंबलाची खूश!

काल संध्याकाळी आरतीचा फडावरून फोन आला. कशी हायस मावशी, कारखान्याचा पट्टा पडला, तोडणी सरली, आमी रविवारी येतो, म्हणाली. मग विचारलं, खोली झाडून देवाम्होरं उदबत्ती लावती न्हवं? मी व्हय म्हणाले. कल्याण, या वयात मी तुझ्यापायी त्या भोळ्या बाईशी खोटं बोलले. रात्रभर स्वतःचाच राग येत राहिला.

आता मी काय केलंय ते ऐक. त्या इंजिनिअरांचा काही दोष नाही, त्यांना वाऱ्यावर सोडता येत नाही. म्हणून त्यांना वर गच्चीवरची तुझी खोली दिली. तू वर्षातून चार दिवस येतोस, तिची किल्लीही माझ्याकडंच असते. तुझा पलंग, टीव्ही, लग्नातले सूट, सगळं शेडमध्ये आहे. वाईट वाटलं ना? वाटू दे.

आरतीची खोली मी झाडून, पुसून ठेवलीय, पण सामान लावलेलं नाही आणि देवही मांडलेले नाहीत. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. शनिवारी ये, एकटा ये. ते सामान स्वतःच्या हातानं आत नेऊन लाव, आणि रविवारी ती टेम्पोतून उतरली की काय केलंस ते तिच्या तोंडावर सांग. ती शिव्या देईल असं वाटत असेल तर तसं होणार नाही. ती सामान पुन्हा पोत्यांत भरून दुसरीकडं खोली बघायला निघेल, आणि तिला थांब म्हणायला माझ्याकडं तोंड उरलेलं नाही. ते तुला म्हणायचंय.

तुझीच, तरीही तुझीच,
आई