खिडकीतून शिकलेल्या पेंटरची निरवानिरव

मी, आनंदराज नरसिंग सोनकांबळे, वय ५३, धंदा पेंटर, मूळ गाव नायगाव, हल्ली राहणार नांदेड, लिहून ठेवतो की फुप्फुसांत रंग बसला असला तरी माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी दारू पाजलेली नाही की धमकावलेलं नाही. मुलगा प्रेम रोज समजावतो, पण ते धमकावण्यात मोडत नाही.

१. राहतं घर पत्नी मनिषा हिला. ते तिनेच उभं केलं. मी फक्त दारावर माझं नाव रंगवलं.

२. माझी कला आली कुठून, तेही नोंदवतो. १९८५ साली टीव्हीवर दर रविवारी वर्षाताई मुलांना चित्रकला शिकवायच्या. "मुलांनो, जसं दिसतं तसं काढा," म्हणायच्या. त्या बाईवर माझा फार जीव होता. त्यांच्यामुळेच मी पेंटर झालो. आमच्या भागात टीव्ही एकट्या गुरुपादप्पा शेठकडे. इतर पोरं आत सतरंजीवर, आम्ही बौद्धवाड्यातली बाहेर, बाजूच्या खिडकीशी. आत येऊ का विचारलं की शेठ म्हणायचे, "तिथूनबी दिसतंय की!"

दिसायचं, पण तिरपं. ताईंचा भोपळा मला काकडीसारखा अरुंद दिसायचा. मी आज्ञाधारक, जसं दिसलं तसं काढलं, आणि हाताला तेच वळण लागलं. त्यामुळे नायगावपासून चाकूरपर्यंत मी काढलेली सगळी माणसं उपाशी दिसतात. एका प्राध्यापकांनी ही माझी शैली आहे म्हणून लेख लिहिला. तो त्यांना परत द्यावा.

३. शेठ वारल्यावर त्यांचा मुलगा महादेवप्पा याने माझ्याकडूनच त्यांचं चित्र करून घेतलं. शेठ अडीच माणसांच्या रुंदीचे; चित्रात शेवग्याच्या शेंगेसारखे उतरले. महादेवप्पा डोळे पुसत म्हणाला, "आजारपणात अप्पा असेच झालते." मी मजुरी मोजून घेतली. चित्रातून गळालेली शेठची रुंदी मी या कागदाने त्यांच्या वारसांना परत करतो.

४. दुकान. ते मोडून प्रेमला फ्लेक्सचं मशीन बसवायचं आहे. मुलगी लुंबिनी माझ्याहून सरस काढते. तिचे चेहरे बरोबर माणसाच्या रुंदीचे. तरी गेल्या महिन्यापर्यंत दुकान प्रेमच्याच नावे करणार होतो. लुंबिनीने पुन्हा एकदा भिंत रंगवायला मागितली आणि मी म्हणालो, "पोरीनं शिडीवर चढायचं न्हाई. खालूनबी शिकता येतंय की!"

बोललो मी, पण आवाज शेठचा होता. बारा वर्षं मी तिला हेच ऐकवत होतो. फार लाज वाटली.

सबब दुकान, ब्रश, शिडी आणि उरलीसुरली गिऱ्हाइकं लुंबिनीला. प्रेमला स्कूटर आणि एक सल्ला: बहिणीकडे नोकरी माग.

५. हा कागद लुंबिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लई उशीर केलाव, पप्पा."

हाव, केला.

नांदेड, ता. १४ सप्टेंबर २०२५
(सही) आनंदराज नरसिंग सोनकांबळे

आमच्यादेखत सही झाली:
१. रविकिरण वाघमारे, शेजारी
२. चन्नबसप्पा बिरादार, रंगाचे दुकानदार