प्रेरणाची जागा

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! बोरी अरबच्या अलीकडचं हे स्टेशन शकुंतला गाडी बंद झाल्यापासून कुलूपबंद आहे. रुळांत बाभळी, फलाटावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलंय. याचा इतिहास मी लिहिणार, पहिल्यांदा मीच. मुक्काम शेजारी, याच गाडीचे गार्ड असलेल्या मारोतरावांच्या विधवा भागीरथाबाईंकडे. त्यांनी झुणका-भाकर वाढली. मजेत आहे मी.

६ नोव्हेंबर
पहिली कसली! गेल्या वर्षी प्रेरणा नावाची मुलगी याच कामासाठी येऊन गेली. काहीही विचारा, बाई म्हणतात, हे प्रेरणानंही विचारलं होतं. ती गोड बोलायची, भाकरी थापायची. मग बॅग इथेच टाकून गेली म्हणे. तरी बाई रोज तिच्या वाटची भाकर झाकून ठेवतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

९ नोव्हेंबर
बाईंनी आज खरं सांगितलं. या गाडीला शेतातून हात दाखवला तरी ती थांबायची. प्रेरणानं भरदुपारी फलाटावरून गमतीनं हात दाखवला, तर बंद पडलेली गाडी आली आणि तिला घेऊन गेली. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. गाडी आली ती हिच्यासाठी!

१० नोव्हेंबर
दुपारी रूळ वाजले. गाडी न थांबता गेली. खिडकीत प्रेरणा, पार सुकलेली, तोंड उघडं, आवाज नाही. तरी डोक्यात एकच, ती आत आणि मी बाहेर.

११ नोव्हेंबर
बाईंनी माझ्या केसांना तेल लावलं. पहिल्यांदाच. म्हणाल्या, डबा भरलेला असला की मारोतराव आधी एकाला उतरवायचे, मग दुसऱ्याला चढवायचे.
"प्रेरणाले हे नोतं सांगतलं, पोरी. तुलेच सांगून राह्यली."
फक्त मला. जिंकले मी.

१२ नोव्हेंबर
हात दाखवला — थांबली. दारात मारोतराव, बाईंच्या भिंतीवरच्या फोटोतल्यासारखेच, फक्त डोळे नाहीत —
प्रेरणाला दंडाला धरून उतरवलं. मला तिच्या जागेवर —
बाक गार आहे. उठता येत नाही —
बाई धावत आल्या. किती दिवस वाट पाहत होत्या — तिची. तिला पोटाशी धरून रडतायत. माझ्याकडे एकदाही —
गाडी हलली. बाई, मी पण तर —